पिस्तुलाचा सर्कल रेट

फरीदाबादेतल्या माणसाला स्वतःचा रक्तगट सांगता येईलच असं नाही, पण शेजारच्या प्लॉटचा गजाचा भाव झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगेल. तोही एक नाही, दोन. पहिला सर्कल रेट, म्हणजे रजिस्ट्रीत लिहायचा; दुसरा मार्केट रेट, म्हणजे खरोखर मोजायचा. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेतच निम्मं शहर उभं राहिलंय, असं आमच्या सेक्टरातले प्रॉपर्टी डीलर छाती फुगवून सांगतात. अशा गावात कुणाच्या माळ्यावर जुनं पिस्तूल निघालं, तर घरातला पहिला प्रश्न 'हे कुणाचं?' असा नसतो. 'याचे किती येतील?' असा असतो. आणि दुसरा प्रश्न, 'वो मराठी इन्स्पेक्टर साहब घर पे होंगे क्या?'

ते इन्स्पेक्टर साहब म्हणजे मी. पोलिसखात्याशी माझा काडीचा संबंध नाही. नोकरीभर मी ट्रॅक्टरचे सुटे भाग मापले आणि पास-नापास केले. निवृत्तीनंतर खुर्ची गेली, व्हर्नियर राहिला, आणि 'इन्स्पेक्टर' ही उपाधीही. तिचा परिणाम असा की पिस्तूल दाखवायला येणारा नवखा माणूस आधी अर्धा तास हवापाण्यावर बोलतो. एका कबाड्याने तर गल्लीत माझी ओळख ऐकली आणि हातगाडीसकट यू-टर्न घेतला.

जुन्या शस्त्रांचा नाद मला पुण्याच्या केळकर संग्रहालयात लागला. दिल्लीला जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या शस्त्रदालनात तो इतका वाढला, की तिथला पहारेकरी माझ्याकडे बघून उगाचच कुलपं तपासतो. भाव सांगायचे मी पैसे घेत नाही. घेतले असते तर लोकांनी निदान ऐकून तरी घेतलं असतं.

फरीदाबादेत जुन्या पिस्तुलांचे इतिहास तीनच. ते पिस्तुलावरून ठरत नाहीत, मालकावरून ठरतात. मालक बल्लभगढकडचा जाट असेल, तर पिस्तूल राजा नाहरसिंहाचं. हे राजे १८५७ साली दिल्लीच्या बादशहाच्या बाजूने उभे राहिले आणि ९ जानेवारी १८५८ ला इंग्रजांनी त्यांना चांदणी चौकात फाशी दिलं. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनचं शेवटचं स्टेशन आज त्यांच्या नावाने आहे. राजेसाहेबांबद्दल मला पुरेपूर आदर आहे. पण त्यांची म्हणून मला दाखवलेली पिस्तुलं खरोखरच त्यांची असती, तर दिल्ली पडलीच नसती.

मालक फरीदाबादच्याच एनआयटी वसाहतीतला पंजाबी असेल, तर पिस्तूल सरहद्दीवरून आलेलं. यात तथ्य असू शकतं. फाळणीनंतर बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान या भागांतून उखडलेली माणसंच इथे वसवली गेली, आणि त्यांच्यापासूनच हे नवं फरीदाबाद उभं राहिलं. पण कोहाटजवळ दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. तिथले कारागीर जगातल्या कुठल्याही बंदुकीची हुबेहूब नक्कल साध्या हत्यारांनी घडवतात, शिक्क्यांसकट. एका बन्नूवाल पापाजींनी मोबाइलवर त्यांच्या वडलांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचा फोटो दाखवला. हत्यार परवान्याचं, सध्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा. मी फोटो मोठा करून पाहिला, तर नळीवरच्या इंग्रजी मजकुरातला 'एन' आरशातला असावा तसा उलटा. कारागिराला पोलाद वाचता येत होतं, अक्षरं येत नव्हती; त्याने समोरच्या शिक्क्याचं चित्र काढलं होतं. मी हे जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. पापाजी म्हणाले, "एन उलटा है तो क्या हुआ, गोली तो सीधी जाती थी."

आणि मालक मराठी असेल तर पानिपत. दुसरं काही नाहीच. दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरात जे काही लोखंडाचं, वाकलेलं आणि निरुपयोगी असेल, ते पानिपतावरून आलेलं असतं. आमच्या इथल्या मराठी मंडळात एका घरी पानिपतची विळी आहे.

पिस्तूल बघायला जमलेल्या घोळक्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला. "चलती है?" हा प्रश्न इथल्या हवेतच आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावरून हटवायची, हा वाद एनसीआरमध्ये २०१५ पासून धुमसतोय. त्यामुळे जुनी वस्तू म्हटली की माणूस आधी ती चालते का ते विचारतो. जुन्या पिस्तुलाचं नेमकं उलट आहे. ते चालत असेल तर पंचाईत. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम कालबाह्य, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं खरं, पण ते हत्यार जसं आहे तसं किंवा दुरुस्त करूनही उडता कामा नये अशी त्यात अट आहे. म्हणजे नुसतं बिघडलेलं असून भागत नाही, बरं होण्याची आशाही नको. ज्याने नोकरीभर 'चालतं' म्हणून सह्या केल्या, त्याने म्हातारपणी 'हे कधीच चालणार नाही' म्हणून अभिनंदन करायचं! माझ्या अभिनंदनाला सरकारदरबारी किंमत शून्य, म्हणून मी प्रत्येकाला आधी ठाण्यात जाऊन विचारून या असं सांगतो. इथेच निम्मे इतिहास संपतात.

उरलेल्या निम्म्यांना लंडनचा लिलाव हवा असतो. त्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे भाव यायला वस्तू जुनी हवी, आणि जुनी असली की जिथे भाव आहे तिथे ती जाणार नाही. ती पुरावस्तू नाही असा दाखला मिळाला तर जाऊ शकेल, पण मग ती घेणार कोण? खरा बाजार आहे तो चालत्या, परवान्याच्या हत्यारांचा. परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्याने परदेशात किरकोळ भावात मिळणाऱ्या जुन्या वेब्लीला इथे लाखांत मागणी असते. आमच्या शेजारचे कर्नलसाहेब म्हणतात, "जमिनीसारखंच आहे. नवी बनत नाही, म्हणून जुनी महाग." २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली, तेव्हा तिसरं कुठलं सोडायचं यावर कर्नलसाहेबांच्या घरी मुलीच्या लग्नाच्या वेळी झाली नव्हती एवढी चर्चा झाली.

त्याच २०१९ साली सूरजकुंडच्या मेळ्यात महाराष्ट्र हे थीम राज्य होतं. आमचं अख्खं मंडळ फेटे बांधून गेलं. परतताना मेळ्याबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेल्या एकाकडून आमच्या खजिनदारांनी 'पेशवाईतलं' पिस्तूल घेतलं. मुठीला शिंपल्याची नक्षी, नळीवर वेलबुट्टी, आणि पेशवाईचा पुरावा म्हणून चक्क 'पेशवा' हा शब्द कोरलेला. मी ते उलटं केलं. चापाच्या खाली अधिकच्या चिन्हाचा स्क्रू होता. हे स्क्रू जगात आले १९३० च्या दशकात. खजिनदार म्हणाले, "एखादा बदलला असेल." सगळेच बदललेले होते. आत स्प्रिंग नव्हती, ती मात्र बदललेली नव्हती; मुळात घातलीच नव्हती.

तर अशा या गावात एका रविवारी मंडळातले अण्णा माझ्याकडे आले. पाठोपाठ वहिनी. अण्णांच्या हातात टर्किश टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल, वहिनींच्या हातात मॉड्युलर किचनचं चार लाखांचं कोटेशन. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली गेली.

"पणजोबांचं," अण्णा म्हणाले. "म्हणजे त्यांच्याकडे वंशपरंपरेने आलेलं. मूळ पानिपतचं. तुम्ही फक्त आकडा सांगा."

"तुमच्या मनात काय आहे?"

"एक कोटी. टिपूची तलवार कितीला गेली?"

ती २०२३ च्या मे महिन्यात लंडनला १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. म्हणजे एकशे चाळीस कोटी रुपयांच्या वर. अण्णांचा हिशेब सरळ होता. "टिपू हरला, आपणही हरलो. पात्रता सारखी. शिवाय त्याची नुसती तलवार, आमचं पिस्तूल. मी तर एकच कोटी म्हणतोय."

मी टॉवेल उलगडला. चांगलं भरभक्कम घोडेस्वाराचं पिस्तूल होतं. जाड लाकडी दस्ता, मुठीला पितळी टोपण आणि त्यात दोरी ओवायची कडी. ठासायचा गज नळीखाली जोडकड्याने कायमचा अडकवलेला, पळत्या घोड्यावरून तो हातातून निसटू नये म्हणून. व्हर्नियर लावला. नळीचं तोंड साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे इंचाचे पासष्ट शतांश. इतपत सगळं छान. मग मी कळीच्या पत्र्याकडे वळलो आणि माझ्या पोटात कालवलं. तो पत्रा आरशासारखा लखलखत होता.

"दर दसऱ्याला," वहिनी समाधानाने म्हणाल्या, "पितळेला चिंच आणि राख, लोखंडाला पॉलिशपेपर. आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची शिस्त आहे. डाग म्हणून दिसायचा नाही."

जुन्या हत्यारावरचा तो काळपट तपकिरी थर म्हणजे त्याचं वय. संग्राहक पैसे मोजतो ते त्या थराचे. वहिनींच्या घराण्याने तीन पिढ्या दर दसऱ्याला थोडेथोडे पैसे घासून मोरीत सोडले होते. पत्र्यावर इंग्रजी 'टॉवर' हा शिक्का असणार हे जागेवरून कळत होतं. त्यातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर झिजून गेलेलं. मधली जी तीन उरली होती, त्यांचा इंग्रजीत अर्थ होतो 'देणं लागतो'. इंग्रज सरकारची इतकी स्वच्छ कबुली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

शिक्क्यामागे मुकुट, आणि त्याखाली राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं पुसट दिसत होती. "अण्णा, पानिपत १७६१ चं. या बाईंचा जन्म १८१९ चा."

"नंतर कोरलं असेल."

"बरं. पण हा घोडा बघा. याला गारगोटी धरायचा चिमटा नाही. हे चकमकीचं नाही, टोपीचं पिस्तूल आहे."

मग टोपीची कथा सांगणं आलं. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की आधी कानाशी भपकन जाळ होतो, मग गोळी सुटते. स्कॉटलंडमध्ये फोर्सिथ नावाचा एक पाद्री होता, त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा षौक. पक्षी जाळ बघून गोळी पोचायच्या आत उडून जात. वैतागून त्याने आघाताने पेटणारी दारू बंदुकीला जोडली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. तांब्याची टोपी आली ती त्यानंतर. म्हणजे पानिपतावर हे पिस्तूल उडायला त्या पाद्र्याचा जन्म, त्याचे पक्षी आणि त्याचा वैताग, सगळंच साठ-सत्तर वर्षं मागे ओढायला हवं.

अण्णा गप्प झाले. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, की मराठ्यांचं अस्सल हत्यार या मुलखात सापडायचंच असेल तर ते आग्र्याचं. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओतायचा आणि युरोपच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत घडवायचा.

"दहा रुपये?" अण्णा दचकले. "हे तुम्ही हिच्यासमोर बोलायला नको होतं."

मग अण्णांनी नेपोलियन काढला. त्यांच्या नातवाने शोधून दिला होता. जुलै २०२४ मध्ये फाँतेनब्लोला नेपोलियनच्या पिस्तुलांची जोडी जवळपास १७ लाख युरोंना गेली, हे अगदी खरं. १८१४ साली गादी सोडावी लागली तेव्हा त्याने तीच पिस्तुलं जीव द्यायला काढली होती, पण कोलँकूर नावाच्या विश्वासू सरदाराने आतली दारूच काढून टाकलेली. नंतर बादशहाने ती त्यालाच देऊन टाकली. "म्हणजे न उडालेल्या पिस्तुलाला १७ लाख युरो," अण्णा म्हणाले. "आमचंही उडत नाही." व्हॅन गॉगने स्वतःवर झाडलं असं मानतात ते गंजून खपली झालेलं रिव्हॉल्व्हर पॅरिसला २०१९ मध्ये १ लाख ६२ हजार ५०० युरोंना गेलं, हेही नातवाने छापून दिलं होतं. वहिनींनी तो गंजाचा फोटो बघितला आणि त्यांचा लिलाव या प्रकारावरचा विश्वासच उडाला. "शी! एवढे पैसे मोजून कुणी जरा पुसलं नाही?"

मी म्हटलं, "अण्णा, नेपोलियनचं नाव कागदांनी धरून ठेवलंय. आपल्याकडचंच बघा. भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात वर्षानुवर्षं पडून होतं. गंज चढू नये म्हणून त्यावर रंग फासलेला. रंग खरवडला तेव्हा खाली १६८८९६ हा नंबर निघाला, तो लाहोरच्या खटल्याच्या कागदांशी जुळला. मग ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात सन्मानाने गेलं. तुमच्याकडे कागद काय आहे?"

इथे अण्णांचा चेहरा उजळला. "सनद आहे! हॉलमध्ये फ्रेम केलेली. इंग्रजीत आहे. अक्षर इतकं वळणदार, की आजवर कुणालाच लागलं नाही."

वहिनी रिक्षाने जाऊन फ्रेम घेऊन आल्या. तोवर मी पिस्तूल न्याहाळत होतो. मागच्या छिद्रात कुणीतरी कधीकाळी शिसं ओतून ते कायमचं बंद केलेलं. संग्राहकाच्या हिशेबी ही खोट, कायद्याच्या हिशेबी पुण्यकर्म. आणि दस्त्याच्या खालच्या अंगाला, पॉलिशपेपर पोचला नव्हता तिथे, तीन तीन रेघांचे दोन बाण टोकाला टोक भिडवून उभे होते.

"ती चांदणी," अण्णा म्हणाले. "कुलस्वामिनीची."

एक बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून म्हणजे सरकारने हा माल काढून टाकला, विकला. पण ते मी बोलायच्या आत सनद आली. भिंग लावून मी ती सावकाश वाचली. अंबाला छावणीच्या कमिसारियट गोदामातली, १८९० च्या दशकातली पावती होती. नादुरुस्त मालाचा लिलाव. घेणार, पणजोबा, त्याच खात्यातले कारकून. माल असा: लोखंडी बादल्या दोन, तोबरे चार, पिस्तूल एक. एकूण साडेसहा रुपये.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "त्यातली एक बादली अजून आहे आमच्याकडे. चांगली आहे."

माझ्या दृष्टीने हा दिवस सोन्याचा होता. एवढी माणसं आली, एवढे इतिहास आले, पण पिस्तुलासोबत त्याची पावती घेऊन कुणी आलं नव्हतं. १८५७ चा धसका घेऊन इंग्रजांनी देशी शिपायांना मुद्दाम एक पायरी मागची हत्यारं दिली. साहेबाच्या कमरेला कोल्ट नाहीतर अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्व्हर, आणि देशी स्वाराकडे हे एका गोळीचं, गुळगुळीत नळीचं, तोंडातून ठासायचं. ती गोष्ट या पिस्तुलात सबंध होती: मुकुट, मोजमाप, काढून टाकल्याची खूण आणि विकल्याचा कागद. मी उत्साहाने सांगितलं, की असली पिस्तुलं लंडनला काहीशे पौंडांत जातात, कारण ती ढिगाने बनली. इथे एखादा हौशी माणूस, पॉलिशपेपरकडे काणाडोळा करून, वीस-पंचवीस हजार देईल. पावती असेल तर तीस. म्हणजे पणजोबा कारकून, तर तीस हजार. पणजोबा पानिपतवीर, तर पितळ वेगळं आणि लोखंड वेगळं, कबाड्याच्या भावाने.

अण्णांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. गणपतीत दरवर्षी मंडळाच्या स्टेजवरून ते या पिस्तुलाबद्दल बोलतात. हरियाणवी पाहुण्यांना ते हिंदीत सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. तीस हजारांसाठी त्यांनी आता स्टेजवर चार तोबरे घेऊन उभं राहायचं होतं.

"इन्स्पेक्टर," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही लिहून द्या. सगळं खरं लिहा. फक्त पानिपत हा शब्द त्यात कुठेतरी आला पाहिजे."

"कसा येईल, अण्णा?"

"पणजोबांची अंबाल्याहून दिल्लीला बदली झाली. हे सामान घेऊन ते आले कसे?"

"रेल्वेने आले असतील. दिल्ली-अंबाला-कालका लाइन १८९१ लाच सुरू झाली होती."

"मध्ये स्टेशनं कुठली लागतात?"

"कुरुक्षेत्र, कर्नाल..." मी थांबलो.

"पुढे?"

मी कागद ओढला आणि लिहिलं: घोडेस्वाराचं टोपीचं पिस्तूल, एक, व्हिक्टोरियाच्या काळातलं, कळ निकामी, अंबाला छावणीच्या लिलावातून, पानिपतमार्गे आलेलं. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवून विचारलं, "आता किती झाले?"

"तीस हजार," मी म्हटलं, "आणि वर अंबाला ते दिल्ली तिसऱ्या वर्गाचं भाडं."